जित्या कोकराचं कातडं

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. १० फेब्रुवारी १९३२

सौ. मायाक्का हिस,

सिद्धनाथचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र तुला विरुपाक्ष मास्तर वाचून दाखवतील, तेव्हा एक नमस्कार त्यांनाही, म्हणजे ते मधली वाक्यं गाळणार नाहीत. दाजींना दंडवत. पोरांना पापे.

पत्र बघून घाबरू नकोस. मी आजारी नाही, कुणाशी भांडलो नाही, आणि अजून त्याच सूत रंगवायच्या कारखान्यात आहे. हात कोपरापर्यंत निळे झालेत. साबणाने जात नाहीत, चिंचेने जात नाहीत. इथले तेलुगू विणकर म्हणतात की निळा रंग आणि सासू, दोन्ही सवयीने गोड लागतात.

आता गोष्ट अशी. मुकुंद तुला आठवत असेल, पुजारीबुवांचा मुलगा. हायस्कुलात माझ्या बाकावर बसायचा आणि तू दिलेली शेंगाचटणी माझ्याआधी संपवायचा. त्याला त्याच्या वडिलांनी जेऊर स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून चिकटवलंय. तिथून त्याने मला एक छापील कागद पाठवला. पुण्याच्या एका कॉलेजात कुणा दात्याने आपल्या कोरड्या तालुक्यांतल्या एका मुलासाठी जागा ठेवली आहे. फी नाही, राहणं-जेवण तिथंच. मॅट्रिक झालेला पाहिजे. मी झालोय. तिसऱ्या खेपेला झालो, पण त्याबद्दल कागदात काही वाकडं लिहिलेलं नाही. फक्त अर्जासोबत तीन ताव लिहून पाठवायचे. कशावर, तर स्वतःवर. आपण कोण, कसे वाढलो, कुठं कुठं राहिलो, काय पाहिलं, हे उमेदवाराने आपल्याच हाताने, आपल्या खऱ्या स्वभावाला धरून लिहावं म्हणे.

अक्का, मी ते वाचलं आणि मला घाम फुटला. माझा खरा स्वभाव घेऊन ते काय करणार? भाकरीबरोबर खाणार? दोन वर्षांमागं मार्शल लॉच्या दिवसांत गोरे सोजीर हेच विचारत फिरत होते की, कोण, कुठला, कुठं होतास. सरळ उत्तर दिलेली माणसं आधी आत गेली. आता पुन्हा धरपकड चालू आहे. आमच्या कोपऱ्यावर एक लांब कोटवाला रोज पान खातो आणि थुंकत नाही. पान खाऊन न थुंकणारा माणूस सरकारी असतो, असं कारखान्यात सगळे म्हणतात. आणि नेमका आत्ताच हा कागद यावा?

माझी अडचण तुला ठाऊक आहे. मार्शल लॉच्या त्या मे महिन्यात मी सोलापुरात नव्हतो. दुधनीला सिद्धलिंगप्पांच्या कानडी नाटक कंपनीत पडदा ओढत होतो. हे खरं आहे, पण सांगितलं की कुणाला पटत नाही. अर्धे लोक समजतात मी चळवळीत होतो, ते मला चहा पाजतात. उरलेले समजतात मी खबऱ्या होतो, ते मी आलो की बोलणं थांबवतात. पडदा ओढणारा म्हणून मला कुणीच घेत नाही. तीन तावांवर काय लिहू? चहावाल्यांसाठी लिहू की गप्प बसणाऱ्यांसाठी?

तुला बघायला आले होते ते आठवतं का? चालून दाखव म्हणाले, सुई ओवून दाखव म्हणाले, आणि शेवटी दाजींची आई म्हणाली की जरा मोकळेपणी हस. तू हसलीस, तेव्हा ती वाकून तुझे दात बघत होती. हा कॉलेजचा कागद मला तसाच वाटतो. मोकळेपणी लिही म्हणतात, आणि वाकून बसलेत.

काल कारखान्यासमोर एक उंट बसला, कुणाला उठेना. शेवटी एका म्हातारीने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो उठला. काय सांगितलं ते विचारायला मी तिच्यामागे पार बाळीवेशीपर्यंत गेलो. तिने सांगितलं नाही, आणि माझा अर्धा दिवस गेला. असो. मुकुंद म्हणतो माझं हेच होतं.

तर मी काय करू ते कळव. जागा मिळाली तर बरं होईल असं वाटतं. वाटतं आणि वाटतही नाही. तुझी माया आहे तिथंच असू दे, मी तिला शोधत येईन.

तुझा,
सिद्धा

मंद्रूप,
ता. १८ फेब्रुवारी १९३२

चिरंजीव सिद्धनाथ यास,

सौ. मायाक्का हिचे अनेकोत्तम शुभाशीर्वाद. तुझे पत्र प्राप्त होऊन अंतःकरण प्रफुल्लित झाले. ईशकृपेने येथे सर्व कुशल असून मेषवर्गही सुखरूप आहे.

सांप्रतचा काळ संशयग्रस्त आहे. सबब नाट्यव्यवसायाशी तुझा जो संसर्ग घडला, त्याचा उल्लेख स्वप्नातही करू नये. भ्रमंती, रंगकाम, परीक्षेतील अपयश इत्यादी गोष्टी विद्वज्जनांसमोर मांडणे शोभत नाही. तुझा मित्र सुविद्य आहे. निबंध त्याजकडून लिहवून घ्यावा व तू सुवाच्य अक्षरात उतरून काढावा. मेंढपाळाचे निष्पाप जीवन, निसर्गाचा सहवास व ज्ञानाची तृष्णा हे तीन मुद्दे पुरेसे आहेत. उंटाचा प्रसंग गाळावा.

प्रकृतीस जपावे. आमच्या स्नेहाची ज्योत तुझ्या मार्गावर सदैव तेवत राहो.

तुझी भगिनी,
सौ. मायाक्का

सोलापूर,
ता. २५ फेब्रुवारी १९३२

सौ. अक्का हिस,

शि. सा. न. आहेच, पण कुणाला घालतोय ते मला कळेना. तू मेंढरांना मेषवर्ग म्हणालीस, हे बिरोबाने येऊन सांगितलं तरी मला पटणार नाही. पत्रात सगळं होतं, तू नव्हतीस. तू मला लेका म्हणाली नाहीस. दाजींना शिवी दिली नाहीस. मास्तर, तुम्ही हे वाचताय, तेव्हा रागावू नका, पण मला खरं सांगा, हा सल्ला अक्काचा की तुमचा?

खात्रीसाठी एक विचारतो. माझं पाटीदप्तर खाल्लेल्या शेळीला आपण काय म्हणायचो? हे अक्का सोडून कुणाला ठाऊक नाही. उत्तर बरोबर आलं तरच पुढचं खरं धरीन.

तुमचा सल्ला पोचायच्या आधीच मुकुंदाने तो पुरा केला. त्याने जेऊरहून तीन ताव लिहून पाठवले. मी विनवणी केली नव्हती. नुसतं कळवलं होतं की लिहायला बसलो की पेन एका बाजूला आणि मी एका बाजूला जातो. आठ दिवसांत त्याचा लखोटा आला. अक्षर बघशील तर मोत्यांचा सर. मला फक्त उतरून काढायचंय.

आणि लिहिलंय कसं! मी एका भोळ्या मेंढपाळाच्या घरी जन्मलो. मी टेकाडावर बसून बासरी वाजवतो. पुढे एक जागा अशी आहे, तुला शब्दाला शब्द देतो: 'सांजवेळी पुण्याकडे जाणारी गाडी दृष्टीआड होईपर्यंत मी कुंपणापाशी उभा राहतो. धूर विरतो, तरी पाय घराकडे वळत नाहीत. वाटते, त्या डब्यांतून माझ्याच वयाचा, माझ्याच नावाचा कुणीतरी चालला आहे, आणि मी त्याला निरोप द्यायला आलो आहे.'

कारखान्यात वाचून दाखवलं, तर दोघांनी डोळे पुसले. मी पण पुसले, आणि गालाला निळं लागलं. मग मला राग आला. मी उभ्या जन्मात बासरी वाजवली नाही. बाप बासरी वाजवत बसला असता तर लांडग्यांनी नाच केला असता. आणि गाडी सुटताना मी कुंपणापाशी उभा राहीन? मी चढतो. तिकीट नसलं तरी चढतो. कुर्डुवाडीला उतरवतात, मग दुसरीत चढतो.

रात्रंदिवस एकच विचार चाललाय. मुकुंदाला यात काय मिळणार? लहानपणी तो चिमूटभर चटणीसुद्धा फुकट देत नसे, कारण ती माझीच असे. कदाचित त्याला माझी गंमत करायची असेल. कदाचित हाच मजकूर त्याने आणखी कुणाला दिला असेल आणि आम्ही सगळे बासरीवाले पुण्यात एका रांगेत उभे राहू. किंवा त्या लांब कोटवाल्याने त्याला गाठलं असेल. एवढं चांगलं कुणी कुणासाठी उगीच लिहीत नाही.

तरी मी उतरून काढायला घेतलंय. पहिल्या तावावर अंगठ्याचा निळा ठसा उमटला. कागद वाया गेला. पोलिसात देतात तसा दिसतोय, म्हणून चुलीत घातला. दुसरा घेतला, तर त्यावरही उमटला.

लवकर कळव. शेळीचं नाव विसरू नकोस. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असावा, पण तुझ्या तोंडचा असावा.

सिद्धा

मंद्रूप,
ता. ६ मार्च १९३२

सिद्धा, लेका, तुला आशीर्वाद.

मास्तरला समोर बसिवलाय आन् सांगितलंय, मी बोलंल त्येच लिव्हायचं, न्हायतर ताक मिळायचं न्हाय. त्येंनी तोंड वाकडं केलंय. म्हंत्यात हे असं कागदावर बरं दिसत न्हाय. म्या म्हणलं, बरं दिसाया ही काय सोयरीक हाय व्हय. परत वाचून दाखवाया लावतीया मधी मधी. एकदा त्येंनी 'मेंढरं' बदलून दुसरंच कायतरी म्हणलं, तवा ताकाचा गडू उचलून आत ठेवला. आता बराबर लिव्हत्यात.

शेळीचं नाव कलेक्टरीण. कुनी हाकलली तर बी मान ताठ करून जायची म्हून. पटलं का आता? मागलं पत्र माजं न्हवतं. मी म्हणलं होतं, त्याला जे लिव्हायचं त्ये लिहू दे, माज्या मेल्या डोक्याला काय कळतंय. मास्तरनी त्येचा त्यो पसारा केला. तसा माणूस वाईट न्हाय. तुजी काळजी हाय त्येला. दुधनीच्या नाटकाचं ऐकून घाबारला बिचारा.

तुज्या दाजीला म्हणलं, पुन्यावाल्यानी पोराचा स्वभाव मागितलाय. तर ह्यो बाबा म्हंतो, देऊन टाक म्हणावं, आपल्याला तरी कुटं लागतोय. ह्याला शेण कालवाया बसवाया पायजे.

आता निबंदाचं. म्या त्या मुकुंदाच्या तावातलं तू धाडल्यालं वाचून घेतलं. लई गोड हाय. मास्तरनी डोळं पुसलं वाचताना. पर सिद्धा, तू मेंढरात वाडलास आन् तुला कळू नये?

परवा आपली भुरी व्याली, कोकरू मेलं. तिकडं दुसरं एक कोकरू आय मेलेलं, वरडत हुतं. मग आपण काय करतो? मेल्या कोकराचं कातडं सोलायचं आन् जित्याच्या पाठीवर बांदायचं. मेंढी शेपटाकडं हुंगती, तिला आपल्या लेकराचा वास येतो, ती पाजती. कोकरू जगतं. ह्यात पाप न्हाय. तुज्या बापानं केलं, त्येच्या बापानं केलं.

पर त्ये कातडं दोन-चार दिसाचंच असतंय. उनानं आंबतंय, किडं पडत्यात, काढावंच लागतंय. तवर दूद पोटात गेलेलं असतंय, कोकराच्या अंगाला मेंढीच्या दुदाचा वास लागलेला असतोय, म्हून ती पुढं धरती. तू कालिजात किती वर्सं बसणार? त्ये कातडं कवा काढणार?

आन् दुसरं ऐक. त्यो मुकुंद असं का करतुया म्हून तू किती जणांवर संशय घेतलास! कोटवाला काय, आनिक कोण काय. त्याच्यापरीस एक साधं इचार. आपण कातडं घेतो त्ये मेल्या कोकराचं. हे जे कातडं तुज्या पाठीवर आलंय, ज्येचा येवडा वास येतुया की मास्तरच्या डोळ्याला पाणी आलं, त्ये कोकरू मेलंय का जित्तं हाय? त्ये आदी बग. जित्याचं कातडं कुनी सोलत न्हाय, लेका.

जेवत जा. चिच लावून लावून हात सोलून घेऊ नगंस. मास्तरला ताक दिलं. माया हाय की, ती काय कागदावर मावती व्हय.

तुजी अक्का

(वरील मजकूर जसाच्या तसा उतरविला आहे. भाषेची जबाबदारी माझी नाही. विरुपाक्ष.)

सोलापूर,
ता. ११ मार्च १९३२

मित्रवर्य मुकुंद यास,

स. न. वि. वि. तुझे तीन ताव समोर आहेत. उतरवणं मी मधेच थांबवलंय. आधी काही विचारायचंय, आणि तू खोटं लिहिलंस तर मला कळेल, कारण तू खोटं लिहितोस तेव्हा अक्षर जास्तच सुंदर काढतोस.

बासरी कोण वाजवतं? मी नाही. पण तुमच्या माडीवर, पुजारीबुवा आरतीला गेले की, कोण वाजवत असे? मी खालून येताना ऐकलंय. मी शिट्टी घातली की बंद व्हायची आणि तू पुस्तक घेऊन जिन्यात यायचास.

मालधक्क्याला तारेचं कुंपण आहे का रे? पुण्याची गाडी तिथं संध्याकाळी येते का? आणि ती गेल्यावर तुझे पाय कुठं वळतात?

मी लई मूर्ख. तुझा डाव काय असेल म्हणून पंधरा-वीस दिवस झोपलो नाही. लांब कोटवाल्यालासुद्धा तुझ्याशी जोडला. त्याचं सांगायचं राहिलंच. तो सरकारी नाही. त्याचे दात पडलेत, म्हणून थुंकता येत नाही, बायकोच्या लुगड्यावर उडतं आणि ती बोलते. म्हणजे मी त्याच्याशी बोललो. बोलायला गेलो तो त्याच्या घरी जेवूनच आलो.

या तीन तावांत मेंढपाळ हा एक शब्द सोडला तर मी कुठंही नाही. तू आहेस. मग तू अर्ज का करत नाहीस? छापील कागद तुझ्या हातात आधी आला होता. तालुका तुझाही कोरडाच आहे.

उलट टपाली लिही. मैत्रीत काही ओलं राहिलं असेल तर ते वाळू देऊ नकोस.

सिद्धनाथ

जेऊर,
ता. १५ मार्च १९३२

प्रिय सिद्धनाथ यास,

सप्रेम नमस्कार. तुझा आरोप वाचला. तुला पोलिसात घ्यायला हवे.

होय, कुंपण तारेचे आहे. गाडी संध्याकाळी येते. ती गेली की मी खोलीवर जातो, कारण जाण्यासारखे दुसरे ठिकाण जेऊरला नाही. बाकी तू जे काढलेस ते मी स्वतःशीही कधी काढले नव्हते. मी खरोखर तुझ्यासाठीच लिहायला बसलो होतो. पहिल्या ओळीत तू होतास, मेंढपाळाचे घर होते. दुसऱ्या ओळीपासून माझा हात माझ्या ताब्यात राहिला नाही. पाठवताना वाटले, चला, आपले तीन ताव तरी पुण्याला जातील.

अर्ज का करत नाही म्हणतोस. बाबांनी ही नोकरी मिळवण्यासाठी ज्यांना कधी नमस्कार केला नव्हता त्यांना नमस्कार केले. मी एकुलता. त्यांना गुडघ्यांमुळे गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरवत नाहीत, आज ना उद्या पूजाही मलाच बघायची. त्यांना मी काय सांगू, मला बासरी ऐकणारे एखादे शहर हवे आहे? तू सुटा आहेस. तुझ्या पायात काही नाही. म्हणून तू जावेस असे मनापासून वाटले. त्यात कपट असेल तर एवढेच की, मला तुझ्या डब्यातून चोरून प्रवास करायचा होता.

आता ते कागद फाडून टाक आणि तुझे तू लिही. उंटासकट लिही. तुझ्यावाचून जेऊरला चटणी नुसतीच तिखट लागते, हे लक्षात असू दे.

तुझा,
मुकुंद

जेऊर,
ता. २० एप्रिल १९३२

सिद्धनाथ,

नमस्कार घालत नाही. आज पुण्याहून बोलावण्याचे पत्र आले, माझ्या नावाने. मी अर्ज केलेला नाही. म्हणजे तू माझ्या हस्ताक्षरातले कागद फाडले नाहीस, 'मेंढपाळाच्या' या शब्दावर काट मारली असशील आणि अर्जावर माझे नाव घालून धाडून दिलेस. स्टेशनमास्तरांनी लखोटा सगळ्यांसमोर दिला. आता बाबांपर्यंत बातमी जाईल. जागा एक आहे हे तुला ठाऊक होते ना? तू तुझाही अर्ज पाठवलास ना? मग तू मला तुझ्या विरुद्ध उभे केलेस. हे औदार्य आहे की वेड, की मी हरावे अशी मजा?

मला तुझा संशय येतो. तो तुझ्याकडूनच लागला.

मी येणार नाही. तू कोणत्या गाडीने जाणार आहेस ते मात्र कळव.

मुकुंद

सोलापूर,
ता. १९ जून १९३२

सौ. अक्का हिस,

सिद्धाचा शि. सा. न. वि. वि. मास्तर, आज ताक आधीच घ्या, पत्र लांब आहे. दाजींना सांग, माझा स्वभाव परत आलाय, त्यांना हवा असेल तर पाठवतो.

मे महिन्यात पुण्याला गेलो ते तुला दोन ओळींत कळवलं होतं, बाकी मुद्दाम ठेवलं होतं. जेऊरला मुकुंद कुंपणाच्या अलीकडे नव्हता, फलाटावर होता. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा कोट, आणि चेहरा असा की मीच त्याचं घर जाळलं. माझ्या डब्यात चढला, पण पाठ करून बसला. दौंड येईपर्यंत बोलला नाही. दौंडला मी तुझी चटणी काढली. मग पाठ कशाला टिकते!

प्रिन्सिपॉलसाहेबांनी आधी त्याला आत घेतलं. आत काय झालं ते त्याने बाहेर आल्यावर सांगितलं. त्यांनी ती काट दाखवून कारण विचारलं. मुकुंदाने सरळ सांगितलं की हे मित्रासाठी लिहायला घेतलं होतं, आणि पुढं ते माझंच होत गेलं. सांगताना त्याला वाटलं, आता हाकलणार. साहेबांनी नुसतं बाहेर बसायला सांगितलं म्हणे.

मग मी. अक्का, माझे तीन ताव मी अगदी माझे लिहिले होते. नाटक कंपनी लिहिली. राणीचं काम करणारा पळून गेला तेव्हा मला चन्नम्माराणी करून उभं केलं, कानडी येईना म्हणून मी नुसता रडत राहिलो, आणि लोकांनी टाळ्या दिल्या, ते लिहिलं. मॅट्रिकच्या तिन्ही खेपा लिहिल्या. तू, कलेक्टरीण, उंट, रंगाची भट्टी, सगळं. तर साहेबांनी चष्मा काढून विचारलं, हे कुणाकडून लिहवून घेतलं? म्हणजे बघ न्याय! जे दुसऱ्यासाठी लिहिलेलं होतं त्यावर त्यांचा विश्वास बसला, आणि माझ्या खऱ्यावर संशय.

मी माझंच आहे म्हणून सांगू लागलो. तेवढ्यात बाहेर शिपायाची एक शेळी टेबलाएवढ्या ओट्यावर चढून भिंतीवरचा छापील कागद खाऊ लागली. मी साहेबांना म्हणालो की ही थेट आमच्या कलेक्टरिणीच्या घराण्यातली दिसते, आणि मग दप्तराचं, दप्तरावरून शाळेचं, शाळेवरून मास्तरांच्या छडीचं असं कुठंच्या कुठं गेलो. भानावर आलो तेव्हा साहेब हसून हसून रुमाल शोधत होते. म्हणाले, आता पटलं, हे याच माणसाने लिहिलंय. तावावरच्या निळ्या ठशाला बोट लावून त्यांनी माझा अंगठाही पाहिला.

पण जागा त्यांनी मुकुंदाला दिली.

मला म्हणाले की माझ्या तीन तावांत साऱ्या जगाला जागा आहे, एवढं मात्र एकाही ओळीत नाही की मला इथं यायचं का आहे. ते मलाच ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी ही जागा पुन्हा निघेल, चौथा ताव घेऊन ये. मला वाटलं, हे गोड बोलून वाटेला लावणं आहे. येताना गाडीत मी मुकुंदावर, साहेबांवर, त्या दात्यावर, सगळ्यांवर शंका काढली. शेळीवरसुद्धा.

पुजारीबुवा आधी मुकुंदाशी बोलेनात. मग एके दिवशी त्यांनीच पंचांग काढून निघायचा मुहूर्त पाहिला. गाभाऱ्याच्या पायऱ्यांचं काय, असं मुकुंदाने विचारलं, तर म्हणाले की देव त्यांच्यापेक्षा म्हातारा आहे, तो थोडं थांबेल. नोकरी सोडून तो घरी आला, आणि परवा पुजारीबुवा आणि मी त्याला सोलापूर स्टेशनवर पोचवायला गेलो. त्याने खिडकीतून मला बासरी दाखवली, ट्रंकेत सर्वांत वर ठेवली होती.

गाडी हलली, आणि अक्का, मी चढलो नाही. कधी असं झालं नव्हतं. पाय उचलतच होता, पण डब्यात माझी जागा नव्हती, तिकिटाचं सोड, जागाच नव्हती. मी फलाटाच्या टोकापर्यंत गेलो. दिवा दिसेनासा झाला. धूर विरला. पुजारीबुवा मला हाक मारत होते आणि माझे पाय वळत नव्हते. ते मुकुंदाचं वाक्य माझ्या छातीत जसंच्या तसं उभं राहिलं. सगळ्यांवर संशय घेतला मी, पण मला ते पाहिजे असेल, एवढा एक संशय मला आला नव्हता.

चौथा ताव घेतलाय. त्यावर अजून काही नाही, निळा अंगठा तेवढा आहे. कारखाना सोडत नाही. यंदा एका जागी राहून बघतो. उत्तर धाड, तुझ्या तोंडचं. तुझ्या मायेवर माझा कधी संशय नव्हता, तो पुढंही येऊ देऊ नकोस.

सिद्धा

मंद्रूप,
ता. २८ जून १९३२

सिद्धा, लेका,

आशीर्वाद. पत्र पोचलं. मास्तरनी न थांबता वाचलं, मग भायेर जाऊन नाक शिंकरून आलं. म्हंत्यात थंडी झालीया. जूनात कसली थंडी.

मुकुंद गेला, बेस झालं. त्येचा बाप हिकडं आला तर त्येला जेवाया घाल म्हणीन तुज्या दाजीला, म्हंजी मीच घालीन. तुजं काय झालं त्ये कळलं. मी रडले न्हाय. रातच्याला जरा बसून ऱ्हायले, तवर ह्यो घोरत हुता.

दाजी म्हंतो, पुढल्या साली पोराला पुन्ना बलावत्याल कशावरनं. म्या म्हणलं, मला काय ठावं. मास्तर म्हंत्यात, त्यो ताव म्या तपासून देतो. तू देऊ नगंस त्येला.

हिकडचं सांगते. अवकाळी एक मेंढी व्याली, तिचं बी कोकरू गेलं, आन् आय मेलेलं एक कोकरू घरात हुतंच. कातडं बांदलं. पाजाया लागली. काल कातडं लई आंबलं, म्हून सोडून टाकलं. कोकरू तिच्याम्होरं तसंच गेलं, उगडं.

मेंढीनं हुंगलं. लाथ मारली. कोकरू पडलं, उटलं, परत गेलं. परत हुंगलं, परत लाथ मारली. तुजा दाजी कातडं आणाया उटला, त्येला म्या बस म्हणलं. कोकरू परत गेलं.

मग पाजाया हुबी ऱ्हायली.

तुजी अक्का